मूठभर मांस

मावशी, नमस्कार.

मी ३६ वर्षांची आहे, चिंचवडला राहते, एका कंपनीत अकाउंट्स बघते. घरी नवरा, सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. गेल्या वर्षी जूनमध्ये माझं वजन ८६ किलो होतं, ते रोज पहाटे चालून आणि गोड टाळून चौदा महिन्यांत ६४ वर आणलं. उंची पाच फूट तीन इंच. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१ होतं, ते ५.५ झालं. जिना चढताना दम लागत नाही. सगळे कौतुक करतात. घरी माझा एक वर्षाची असतानाचा फोटो आहे, 'गुटगुटीत बालक' स्पर्धेत पहिला नंबर आला तेव्हाचा. शरीरासाठी शाबासकी मिळाली ती तेव्हा, आणि त्यानंतर थेट आत्ता. मधली सगळी वर्षं 'ढोली', 'अंगाने जरा जास्तच' आणि 'चेहरा किती गोड आहे, पण...' यात गेली.

पण मला वाटलं होतं तसं काही झालंच नाही. अजून फोटोत मागच्या रांगेत उभी राहते. दुकानात हात आपोआप डबल एक्सएलकडे जातो आणि ट्रायल रूममध्ये कुर्ता खांद्यावरून ओघळला की आरसाच खोटा वाटतो. कॉलेजात मी गायचे, माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवरचा सा. दुसऱ्या वर्षाच्या गॅदरिंगला स्टेजवर चढले तेव्हा मागून कुणीतरी 'फळ्या सांभाळा रे' असं ओरडलं. गायले, पण ते शेवटचं. सोसायटीच्या गणपतीत बायका दर वर्षी आग्रह करतात आणि मी दर वर्षी मनात म्हणते, वजन कमी झालं की गाईन. या वर्षी झालंय. परवा पुन्हा विचारलं, तर तोंडातून 'पुढच्या वर्षी नक्की' असंच निघालं.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अजून २५ आहे. ५८ किलो झाले की २३ च्या आत येईन, कदाचित तेव्हा आत्मविश्वास येईल. म्हणून दोन महिन्यांपासून रात्रीचं जेवण बंद केलंय. दिवसातून तीनदा वजन बघते. केस गळतायत, पाळीही दोनदा चुकली, पण वजन उतरताना तसं होतंच म्हणतात. रात्री झोप लागत नाही, मग रेसिपीचे व्हिडिओ बघत पडते. परवा मुलगी काट्यावर उभी राहून म्हणाली, 'आई, आजपासून मी पण रात्री नाही जेवणार.' मी हसण्यावारी नेलं.

मावशी, वजन तर गेलं. आत्मविश्वास कुठे अडकलाय? त्या सहा किलोंत?

— 'बारीक झालेली', चिंचवड


बारीक झालेली,

मावशी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगं करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाण्यापाशी थांबले, दुसऱ्यांदा मुलीपाशी.

प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. त्या सहा किलोंत काही अडकलेलं नाही. बावीस किलो उतरवून जे हाती लागलं नाही, ते अठ्ठाविसाव्या किलोखाली दडून बसलेलं नसतं. ८६ वर होतीस तेव्हा 'एकदा सत्तर दिसू दे' असं म्हणाली असशील की नाही, आठवून बघ. सत्तर आलं आणि गेलं, तुझ्या लक्षातही राहिलं नाही.

आता जरा रागावते. पाळी दोनदा चुकली हे तू केस गळण्याच्या मागे लपवून, अर्ध्या ओळीत उरकलंस. मला ती पत्रातली सगळ्यात मोठी ओळ वाटली. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दिवस गेले नाहीत ना, हे ते आधी बघतील. मग हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड, जे लागेल ते तपासतील. त्यांना रात्रीच्या जेवणाचं खरं सांग, नाहीतर 'डाएट चालू आहे' या तीन शब्दांत सगळं झाकलं जाईल. केसांचं म्हणशील, तर वजन झपाट्याने उतरलं किंवा मोठं दुखणं झालं की दोन-तीन महिन्यांनी केस गळतात हे खरं आहे. बहुतेकींचे परतही येतात. पण शरीराला प्रथिनं आणि लोह पोचलं तर. तू तर दुकानच बंद करून ठेवलंयस.

रात्रीचं जेवण आजपासून सुरू कर. भाकरी, भाजी, वाटीभर वरण, दही. किती, हे आहारतज्ज्ञ सांगतील. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे दीक्षित की दिवेकर हा वाद घराघरांत रंगला होता, दोनदाच जेवायचं की थोडं थोडं सारखं खायचं. त्यात मी पडत नाही. पण पाळी जाईपर्यंत उपाशी राहा, असं त्या दोघांपैकी कुणीही सांगितलेलं मी ऐकलं नाही.

रेसिपीच्या व्हिडिओंवरून एक जुनी हकीकत सांगते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत, मिनेसोटा विद्यापीठात, अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण जमवले. युद्धात शस्त्र उचलायला नकार दिलेली ही मुलं, प्रयोगासाठी स्वखुशीने आलेली. युरोपात उपासमार झालेल्यांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे कीजला शोधायचं होतं. त्यासाठी त्याने आधी या पोरांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. अर्धपोटी म्हणजे दिवसाला साधारण १६०० उष्मांक. हल्ली मोबाइलवर फिरणारे कितीतरी डाएट चार्ट याहून कमीचे असतात! त्यांचं वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं. आणि मग ही मुलं काय करायला लागली माहितेय? पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली. काहींनी तर ती जमवायचा छंदच लावून घेतला. एकेक घास चिवडत बसायचे, ताटं चाटायचे. चिडचिड वाढली, उदास झाली, माणसं नकोशी वाटायला लागली.

ती मुळात सडपातळ होती आणि तू नव्हतीस, तेव्हा तुलना फार ताणत नाही. पण रात्री साडेअकराला तू पनीरचा व्हिडिओ बघतेस तेव्हा तुझ्या मनाचा निग्रह कमी पडत नसतो. पोट रिकामं असतं, बस्स. आणि भुकेल्या माणसाला स्टेजवर जायचं धैर्य कुठून सुचणार? त्याला भाकरीच सुचते.

गंमत बघ, याच अँसेल कीजने १९७२ मध्ये 'बॉडी मास इंडेक्स', म्हणजे तुझा तो बीएमआय, हे नाव रूढ केलं. सूत्र त्याहून कितीतरी जुनं, १८३० च्या दशकातलं, बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञाचं. हा केतले काही डॉक्टर नव्हता, त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो ते मोजायचं होतं. हजारो माणसांचा अंदाज घ्यायला ते सूत्र बरं आहे. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनातच गाठतो, म्हणून भारतीयांसाठी २३ ची रेघ आखली गेली, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ती कामाचीही आहे. तुझ्या डॉक्टरांना तू ५८ ला यावंसं वाटत असेल तर तेही जेवूनखाऊन, सावकाश होईल. पण त्या सूत्रात नुसते किलो आणि मीटर आहेत. मागून ओरडलेला तो पोरगा त्यात कुठेच नाही.

मी वजन उतरवण्याच्या विरोधात नाही हो. 'जशी आहेस तशीच छान' म्हणून पाठीवर हात फिरवणारी आणि मोकळी होणारी मी नव्हे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाआधीची पायरी. तू ६.१ वर होतीस, तिथून मागे फिरलीस. घरात मधुमेह पाहिलेल्या कुणालाही विचार, ही कमाई किती मोठी आहे. गुडघ्यांचं तर आणखी ऐक. गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की शरीराचं एक किलो वजन कमी झालं, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोंनी कमी होतो. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. म्हणजे त्या हिशेबाने तू दर पावलाला तुझ्या जुन्या वजनाहून जास्त ओझं गुडघ्यांवरून उतरवलंस. चौदा महिने पहाटे उठून चालायला जाणं, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक बाजूला सारणं, हे सगळं तुझंच. ते कुणी तुला देऊ केलेलं नव्हतं.

शरीराचं वजन होतं, शरीराने त्याचा मोबदला चोख दिला. तू अकाउंट्समधली बाई, एवढं तर तुला कळायला हवं. एका खात्यात जमा झालेली रक्कम दुसऱ्या खात्याच्या पानावर शोधत बसलीयस आणि ताळा जुळत नाही म्हणून हैराण झालीयस.

आता कौतुकाकडे येते. तिथेच खरी मेख आहे असं मला वाटतं.

आपल्या मराठीत कौतुक झालं की माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढतं. बाळ 'बाळसं धरतं', आणि ते धरलं नाही तर घरादाराच्या तोंडचं पाणी पळतं. माहेरी आलेली लेक 'वाळलीस गं' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडू शकत नाही. 'खात्यापित्या घरची' ही तर स्थळ बघताना शिफारस होती. एवढा मांसाचा गौरव करणारी ही भाषा मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की एकदम पवित्रा बदलते. बाळसं कुठल्या दिवशी संपलं आणि 'सुटलीय' कधी सुरू झालं, हे त्या मुलीला कुणी सांगत नाही. तुझ्या फोटोतल्या त्या पहिल्या नंबरचं नेमकं हेच झालं.

तर वर्षभर तुझं एवढं कौतुक झालं आणि मूठभर सोड, चिमूटभर मांससुद्धा चढलं नाही. का? ती वाक्यं नीट ऐक. 'आता किती छान दिसतेस!' 'आता कशी स्मार्ट वाटतेस!' सगळा डंख त्या 'आता'त आहे. ८६ किलोंची बाई कुठे गेलेली नाही, ती आत बसून सगळं ऐकते. लोक आपल्यामागे काय म्हणत असतील असा तिला संशय होता. आता रोज त्याची पक्की पावती मिळते. शिवाय प्रत्येक कौतुकात एक बारीक अट असते. हे जे देतोय ते वजनाला देतोय, वजन वाढलं की परत घेऊ. अशा उसन्या पैशांवर कुणाला निर्धास्त झोप लागेल?

माझीच गोष्ट सांगते. पंचेचाळिसाव्या वर्षी मला टायफॉइड झाला, आठ किलो वजन गेलं. महिन्याभराने नात्यातल्या एका लग्नाला जावं लागलं. ओठ सुकलेले, वेणी शेपटीएवढी झालेली, मंगलाष्टकं संपेपर्यंत उभं राहायचं त्राण नव्हतं. तिथे तिघींनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, 'काय करतेस गं? आम्हालाही सांग ना!' दोघींना मी हसून टाळलं. तिसरीला सांगितलं, अगं, टायफॉइड झाला होता. ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, 'पण दिसतेस मात्र छान.'

त्या दिवसापासून कुणाच्या वजनावर बरं-वाईट काहीही बोलायचं मी सोडून दिलं. समोरची का वाळली हे आपल्याला ठाऊक नसतं.

आणि हो, लोक बारीक माणसाशी खरोखरच बरं वागतात. दुकानातली मुलगी, ऑफिसातला साहेब, कधीकधी डॉक्टरसुद्धा. हे तुझ्या मनाचे खेळ नाहीत. वजनावरून होणाऱ्या भेदभावावर जगभर भरपूर संशोधन झालेलं आहे. तुझ्या पत्रात लाज आहे, काळजी आहे, माझी माफी मागितल्यासारखा सूर आहे. राग कुठेच दिसला नाही. तो येऊ दे. ज्यांनी ८६ किलोंच्या तुला कधी 'बस' म्हटलं नाही आणि ६४ किलोंच्या तुला खुर्ची ओढून देतात, त्यांचा राग यायलाच हवा. भांडायला जायची गरज नाही. कुणी 'केवढी बारीक झालीस' म्हटलं की 'हो ना. तुमचं काय चाललंय?' एवढ्यावर विषय वळव. जवळच्यांना मात्र स्पष्ट सांग, 'माझ्या वजनाचं बोलणं नको, मुलगी ऐकते.' हे कारण कुणालाही खोडता येत नाही.

डबल एक्सएलचं कोडं तसं सोपं आहे. पाय कापावा लागलेल्या माणसाला गेलेल्या पायात कळ येते, तसं वजन उतरलेल्यांना गेलेलं अंग जाणवत राहतं. अभ्यासकांनी त्याला 'फँटम फॅट' असं नाव दिलंय. नाट्यगृहात रांगेतून जाताना अजूनही आडवी होऊन सरकत असशील. मनातलं माप जुनं आहे, ते बदलायला वेळ लागतो. तुझे आवडते तीन कुर्ते शिंप्याकडे टाकून मापात करून आण. नवे घेऊ नकोस, जुनेच आण, कारण तुझं हे अंग त्याच बाईचं आहे. 'पुन्हा वाढलं तर?' असं मनात आलं ना? वाढेलही थोडं. वजन उतरवलेल्या बहुतेकांचं थोडंफार परत येतं. शरीर भूक वाढवतं, ऊर्जा जपून वापरतं, गेलेलं परत खेचून आणायला बघतं. त्यात आळस किंवा ढिलाई नसते. म्हणून तर म्हणते, ही खुंटी मुळातच हलती आहे, तिच्यावर एवढी मोठी गोष्ट टांगून ठेवू नकोस.

काटा तर सरळ माळ्यावर टाक. दिवसातून तीनदा त्याच्यावर चढतेस, पण दिवसभरात किलो-दीड किलो नुसत्या पाण्याने आणि मिठाने हलतं. रात्री पापड-लोणचं खाल्लं की सकाळी काटा पुढे. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठतं, त्यामुळे एक दिवस जेवलीस तरी आकडा उडी मारतो आणि तू समजतेस चरबी वाढली. पुढचे तीन महिने वजन डॉक्टरांकडेच होऊ दे.

आता गाणं.

'फळ्या सांभाळा' म्हणणाऱ्याला ते आज आठवतही नसेल, असं सांगून तुझी समजूत काढता येईल. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोगही आहे, २००० साली प्रसिद्ध झालेला. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला भरल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, किती जणांच्या नजरेत आला? त्यांना वाटायचं निम्म्यांच्या. प्रत्यक्षात चौथा हिस्सा माणसांनीच पाहिलेला असायचा. लोक आपल्याकडे आपल्याला वाटतं त्याहून फारच कमी बघतात, हे खरं. पण तुझ्या बाबतीत हा दिलासा अर्धाच लागू पडतो. तुझ्याकडे बघणारा खरा होता, ओरडला तोही खरा. पुन्हा कुणी ओरडणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. ५८ किलोही देऊ शकत नाहीत. बारीक बाईला 'आवाज बसलाय' म्हणणारे निघतात.

म्हणून तुला आल्बर्ट एलिसची गोष्ट. पुढे मोठा मानसोपचारतज्ज्ञ झाला, पण तरुणपणी मुलींशी बोलायला भयंकर घाबरायचा. एकोणिसाव्या वर्षी त्याने स्वतःला शिक्षा दिल्यासारखं ठरवलं की महिनाभर रोज न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटाभरात बोलायला सुरुवात करायची. शंभरेक जणींशी बोलला. फक्त एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. (त्या बायकांना काय वाटलं असेल कोण जाणे. आज कुणी असं करू नये.) पुढे त्याने घडवलेली उपचारपद्धती मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून आणली आणि उभा जन्म शिकवली.

एलिसचं सांगणं थोडक्यात असं. गाणं वाईट झालं तर 'गाणं वाईट झालं' म्हण, त्यावरून 'मी वाईट' असं म्हणू नकोस. केलेल्या गोष्टीला मार्क दे, माणसाला देऊ नकोस. इथवर सगळ्यांना पटतं. पुढचं पटायला जड जातं: माणसाला चांगले मार्कही द्यायचे नाहीत. 'बारीक झाले म्हणून मी चांगली' हे वाक्य 'जाड होते म्हणून मी वाईट' याचीच सुलट बाजू आहे, कापड तेच. तू चौदा महिने कापड उलटवायचा खटाटोप केलास. ते अंगावरून काढायचं राहिलं.

चालून चालून तुला चालण्याचा आत्मविश्वास आलाय, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. पाच किलोमीटर जाऊन येऊ का म्हटलं तर तू क्षणभर विचार करणार नाहीस. गाण्याचा आत्मविश्वास गाऊनच येणार. चालण्याने तो का नाही आला म्हणून रुसून कसं चालेल? सतरा वर्षांत तू एकदाही लोकांसमोर गायली नाहीस.

गणपतीला अजून सहा आठवडे आहेत. आधी तंबोऱ्याचं ॲप लावून काळी चारला रोज वीस मिनिटं बस, आणि दार उघडं ठेव. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू जाऊ दे. आठवड्याने एक कडवं रेकॉर्ड करून एका मैत्रिणीला पाठव, पाठवल्यावर पुसून टाकायचं नाही. श्रावणात कुणाकडे तरी मंगळागौर असेलच, तिथे गाण्यांना मोठ्याने आवाज लाव. खेळ खेळताना दम लागला तरी कुणी वजन विचारत नाही, त्या खेळांत सगळ्यांनाच लागतो. मग सोसायटीतल्या ज्या बाईने तुला विचारलं होतं तिच्याकडे जाऊन सांग की माझं नाव घाला. हे तोंडी सांग, व्हॉट्सॲपवर नको, कारण मेसेज तू मागे घेशील. नंबर पहिला मागू नकोस, शेवटचाही नको, तिसरा-चौथा बरा. माइक हातात धरू नकोस, हात कापले की आवाजही कापतो. स्टँडवर लावायला सांग. जेवून जा. उपाशीपोटी वरचा सा लागत नाही.

भीती वाटेल. भीती जाईपर्यंत थांबलीस तर ही वाट बघणंही त्या वजनासारखंच वर्षानुवर्षं पुरेल. पाय लटपटत असताना गायचं.

आता लेकीचं. हसण्यावारी नेलंस, मी नेणार नाही. नऊ वर्षांची पोर वाढीच्या ऐन वयात आहे आणि ती तुझ्याकडून भाषण ऐकून शिकत नाही, तुझं पान बघून शिकते. रोज रात्री तिच्या ताटाशेजारची जागा रिकामी असते. तिला समजावून सांगायला बसू नकोस. आज रात्री तिच्या शेजारी पान मांडून घे आणि जेव. भातावर तूप घे. तिने आश्चर्याने बघितलं तर 'भूक लागली गं' एवढंच म्हण. तिच्यासमोर 'मी जाड होते तेव्हा' हे शब्द बंद, तिच्या पोटाकडे बघून मायेने केलेले विनोदही बंद. सासूबाईंना विश्वासात घे. सुनेला आग्रह करून वाढायचं काम दिलं तर नाही म्हणणारी सासू मी अजून पाहिलेली नाही. आणि मुलीने जेवण खरंच टाळायला सुरुवात केली तर तिच्या बालरोगतज्ज्ञांना लगेच सांग.

एक शेवटचं, हे हळू आवाजात वाच. ठरवूनही रात्री घास घशाखाली उतरला नाही, किंवा खाल्ल्यावर ओकून टाकावंसं वाटलं, किंवा जेवणाचा अपराधी भाव दिवसभर पाठ सोडत नसेल, तर तो हट्ट नाही, दुखणं आहे, आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेट. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

गाणं कोणतं घेणार हे पत्रात लिहिलं नाहीस. ठरलं की कळव. सतरा वर्षांत पट्टी खाली आली असेल, तेव्हा काळी चारला वरच्या सुरांवर ओढाताण होतेय का ते आधी बघ. होत असेल तर सरळ काळी तीनला उतर, तबलजीला तेवढं आधी सांगून ठेव.

— मावशी